गरम पाणी तयार होतंय, मग नळाला का येत नाही?

पुण्यात सहकारनगरमधल्या एका दुमजली बंगल्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. बांधकाम साधारण १९८० च्या दशकातलं, घरात पाच माणसं. गच्चीवर पाणी तापवणारा २०० लिटरचा काचेच्या ट्यूबचा सोलर आणि गरम पाण्याची एक इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन जुनीच. खालच्या बाथरूममध्ये बादलीभर थंड पाणी सोडून दिल्यावर गरम येतं. वर कोणी शॉवर घेत असताना खाली नळ उघडला की शॉवरचं पाणी मध्येच गरम-गार होतं. गेल्या वर्षी थंड पाण्याला प्रेशर पंप बसवला आणि तेव्हापासून सोलरचं पाणी कोमट झालं, वर सोलरच्या टाकीला हवेसाठी ठेवलेल्या उघड्या व्हेंट पाइपातून पाणीही सांडतं. आता फरशा बदलायला काढल्याच आहेत, तर ३०० लिटरचा सोलर घ्यावा, हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप घ्यावा, गॅस गीझर लावावा, की मुलाकडे इंग्लंडमध्ये आहे तसा घरही तापवणारा बॉयलर बसवावा?

यातलं काहीही आत्ता विकत घेऊ नका. तुमच्याकडे गरम पाण्याची कमतरता नाही. गच्चीवर तयार झालेलं पाणी वाटेत मरतंय, आणि वाट तीच ठेवून वर कितीही मोठी टाकी बसवली तरी खालच्या बाथरूममध्ये पहिली बादली थंडच येणार. आधी पाइप, मग उपकरण.

हिशोब करून बघा. २०० लिटर पाणी ६० अंशाला असेल आणि थंड पाणी २० अंशाचं, तर निम्मं-निम्मं मिसळून ४० अंशाचं ४०० लिटर पाणी होतं. म्हणजे अंघोळीच्या वीस लिटरच्या वीस बादल्या. पाच माणसांना हे पुरून उरतं. थंडीत उरत नसेल तर ते कुठे जातंय हे शोधायला हवं.

तुमच्याकडे ते कुठे जातंय हे मला जवळजवळ नक्की सांगता येईल, कारण पंपाची तारीख आणि पाणी कोमट व्हायला लागल्याची तारीख एकच आहे. थंड लाइनला पंपाचा दाब, गरम लाइनला फक्त गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचा दाब. बार हे दाबाचं माप, दहा मीटर उंचीला एक बार या हिशोबाने वरच्या मजल्यावर गरम पाण्याला जेमतेम पाव बार मिळतो आणि थंड पाणी दीड-दोन बारने येतं. या दोन लाइनी गरम-थंड मिसळणाऱ्या नळात, म्हणजे मिक्सरमध्ये एकत्र भेटतात. एखाद्या मिक्सरला हॅंड शॉवर असेल, त्याचे दोन्ही नॉब उघडे राहिले असतील आणि पाणी फक्त हातातल्या बटणाने बंद केलं असेल, तर थंड पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते गरम लाइनमध्ये घुसतं, उलटं वर चढतं, सोलरच्या टाकीत जातं आणि टाकी भरली की व्हेंटमधून गच्चीवर सांडतं. दिवसभर तापवलेल्या पाण्यात रात्रभर गार पाणी मिसळत राहतं. मिक्सरचं आतलं कार्ट्रिज (पाणी उघडणारा-मिटणारा भाग) झिजलं असेल तरी हेच होतं, मग नॉब बंद असले तरी.

खात्री करायला प्लंबर लागत नाही. सोलरच्या टाकीतून गरम पाणी जिथून बाहेर पडतं तिथला व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. खाली कुठलाही एक गरम नळ उघडा. पाइपात उरलेलं पाणी ओघळून गेल्यावर नळ कोरडा पडायला हवा. मिनिट-दोन मिनिटांनंतरही धार चालूच असेल तर ते पाणी थंड लाइनकडून येतंय. आता प्रत्येक मिक्सरखालचे अँगल कॉक (पाणी तोडायचे छोटे कॉक) एकेक करून बंद करत चला. ज्याच्यानंतर धार तुटेल तो दोषी. ही तपासणी फरशी फोडायच्या आधी करा. दोष सापडल्यावर बरेच लोक गरम लाइनला एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, टाकून मोकळे होतात. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडायलाच थोडा दाब लागतो, आणि वरच्या मजल्यावर तुमच्याकडे दाब मुळातच नाही. धार आणखी बारीक होईल. खरा उपाय एकच, दोन्ही लाइनींना सारखा दाब.

तो दोन प्रकारे मिळतो. पंप काढून टाकायचा आणि थंड पाण्याची टाकीही सोलरसारखीच गच्चीवरून उतारावर द्यायची, कमी दाबाचे शॉवर लावायचे. किंवा गरम लाइनलाही पंप लावायचा, पण तो सोलरच्या टाकीनंतर, गरम पाणी सोसणारा आणि थंडच्या पंपाइतक्याच दाबाचा. टाकीच्या आधी कधीही नाही. साध्या सोलरची टाकी दाबासाठी बनवलेलीच नसते. सांडतंय म्हणून व्हेंटला बूच मारणारेही भेटतात. असं केलं की दाब वाढल्यावर टाकी फुगते, ट्यूबच्या रबरी रिंगा सुटतात, आणि पाणी झपाट्याने उपसलं गेलं की आत हवा न शिरल्याने टाकी चेपते. व्हेंट उघडाच राहिला पाहिजे. मला विचाराल तर तुमच्या घरासाठी मी पंप काढेन. आई-वडिलांचं बाथरूम तळमजल्यावर आहे, तिथे पाच-सहा मीटरची उंची मिळतेच. वरच्या मजल्यासाठी थंड टाकीचा आणि सोलरचा स्टँड दोन्ही मीटरभर उचलले तर शॉवरमध्ये फरक जाणवेल. मात्र स्लॅबवर नेमका कुठे भार येतो ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हे करू नका, भरलेल्या टाक्यांचं वजन थोडं नसतं.

आता पाइपाकडे. पूर्वी वाड्यांत तांब्याचा बंब न्हाणीत मोरीशेजारीच असायचा. पाणी तापायचं तिथेच वापरलं जायचं, वाटेत गार व्हायला वाटच नव्हती. आपण उष्णता गच्चीवर नेली आणि नळ दोन मजले खाली ठेवला, तेव्हापासून पाइपाचं पोट हा प्रश्न झाला. एक इंची जीआय पाइपात मीटरला सुमारे ०.५८ लिटर पाणी मावतं. तुमची लाइन गच्ची ओलांडून, कठड्यावरून, मागच्या भिंतीने खाली आणि पुन्हा आडवी जाते, म्हणजे २५ मीटर तरी धरा. साडेचौदा लिटर पाणी नुसतं पाइपात गार पडून आहे. त्यात ६० किलो लोखंड. ते तापायला आणखी सहा-सात लिटर पाण्याइतकी उष्णता लागते. तुमची बादली इथे भरते.

सीपीव्हीसीमध्ये, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिक पाइपात, एक इंचीत मीटरला ०.४३ लिटर, पाऊण इंचीत ०.२६ आणि अर्धा इंचीत ०.१२ लिटर मावतं. वाट २५ वरून १६ मीटरवर आणली आणि पाऊण इंची वापरली तर साधारण सव्वाचार लिटर. आणि पाइप लोखंडी नसल्याने तो स्वतः फारशी उष्णता खात नाही. म्हणजे गरम पाणी एका मिनिटाच्या आसपास आलं पाहिजे. म्हणून मी लाइनचं चित्र नेहमी नळाकडून काढायला घेतो. कागदावर आधी सगळ्यात लांबचा आणि रोज वापरातला नळ मांडायचा, तिथून टाकीकडे सगळ्यात छोटी वाट शोधायची. टाकी कुठे सोयीची म्हणून तिथून सुरुवात केली की लाइन लांबतेच. कित्येकदा सोलर गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवणं हाच सगळ्यात स्वस्त बदल असतो. फक्त तोंड दक्षिणेला आणि सावली नको, विशेषतः हिवाळ्यात सूर्य खाली असताना शेजारच्या इमारतीची पडते ती.

जाड पाइप म्हणजे जास्त प्रेशर, ही समजूत इथे उलटी बसते. जाड पाइप लागतो तो वरच्या मजल्याला, कारण तिथे उंची कमी आणि वाटही छोटी. तिथे एक इंची टाका, पोटात मावणारं पाणी थोडंच आहे. तळमजल्याला उंची भरपूर, तिथे पाऊण इंची पुरते. आणि दोघांना टाकीपासूनच वेगवेगळे उतार, म्हणजे खाली उतरणाऱ्या लाइनी, द्या. गच्चीवरच टी (तीन तोंडांचा सांधा) घेऊन एक लाइन वरच्या दोन बाथरूमना, दुसरी थेट तळमजल्याला. शॉवर चालू असताना खालचा नळ उघडल्यावर पाणी पळतं ते एकाच पाइपावर दोन मजले लटकल्यामुळे. उतार वेगळे केले की तो त्रास जातो. थंड लाइनही तशीच वेगळी उतरवा, नाहीतर गरम स्थिर आणि थंड हलतंय असं होईल आणि एखाद्याला चटका बसेल.

कठड्यावरून चढून उतरणारा पाइप हा पुण्यातल्या गच्च्यांवरचा फार जुना दोष आहे. गरम पाण्यातून हवेचे बुडबुडे सुटतात आणि ते सगळ्यात उंच जागी जमतात. उलट्या यू आकाराच्या त्या वळणात हवा अडकली की कमी दाबाची धार तिथे गुदमरते. नळ थुंकत-थुंकत येतो, कधी बंदच पडतो. कठड्याला भोक पाडून, त्यात स्लीव्ह (थोडा मोठा पाइप) घालून पाइप सरळ बाहेर काढा. टाकीपासून निघाल्यापासून त्याचा उतार कुठेही उलटा होऊ देऊ नका. कुठे टाळताच येत नसेल तर त्या उंच जागी टाकीच्या वर जाणारा एक छोटा व्हेंट काढा.

पाइप कोणता, यावर फार वेळ घालवणार नाही. गरम लाइनला सीपीव्हीसी, एसडीआर ११ (भिंतीच्या जाडीचा वर्ग), पाइपावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला. पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, मऊ पडतो. पीपीआर हा दुसरा प्लॅस्टिक पाइप चांगला असतो, पण त्याचं माप बाहेरून मोजतात आणि भिंत जाड असते. २५ मिलिमीटरचा जाड पीपीआर एक इंची समजून घ्याल तर आतून १६.६ मिलिमीटरच भोक मिळेल, म्हणजे पाऊण इंची सीपीव्हीसीपेक्षाही कमी. सीपीव्हीसीच्या चुडीला (आट्यांना) फक्त टेफ्लॉन टेप वापरायला सांगा. सांध्यात भरायचा सफेदा आणि सूत जीआयच्या काळातलं, प्लॅस्टिकच्या चुडीत कोंबून आवळलं की फिटिंग तडकतं. दहा मीटरचा उभा पाइप ४० अंशांनी तापला की २५ मिलिमीटर लांबतो, एवढी हालचाल कुठे होणार याचा विचार आधीच हवा. भिंतीत गाडताना भोवती इन्सुलेशन असेल तर त्यालाच जागा मिळते. उघड्या लांब लाइनीत एखादं वळण मुद्दाम ठेवा आणि क्लॅम्प जखडून टाकू नका.

इन्सुलेशन हा खर्च लोक शेवटी कापतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. गच्चीवर तेरा मिलिमीटरचं काळं नायट्राइल (फोमसारखं रबर), वरून अॅल्युमिनियमचं पत्र्याचं आवरण. नुसतं काळं नळकांडं उन्हात दोन-तीन वर्षांत भेगाळतं, आणि खारी-कबुतरं त्याला टोचून भोकं पाडतात. नुसता सीपीव्हीसी उन्हात ठेवला तर तोही ठिसूळ होतो.

आता कोणीतरी तुम्हाला रिटर्न लाइन सुचवेल. गरम पाणी लाइनमधून फिरवून परत टाकीत आणायचं, म्हणजे नळ उघडला की लगेच गरम. हॉटेलात हे ठीक आहे. घरात याचा हिशोब करून बघा. नीट इन्सुलेट केलेला पाइपही मीटरला सुमारे दहा वॉट उष्णता बाहेर टाकतो. जाणं-येणं मिळून ४० मीटर, चोवीस तास पंप चालू. दिवसाला साडेनऊ युनिटांइतकी उष्णता गेली. तुमचं २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशाला नेताना सूर्य देतो सात युनिटं. म्हणजे सगळा सोलर पाइप तापवण्यातच संपला, वर अडीच युनिटं उधारी. रिटर्न करायचीच असेल तर अर्धा इंची लाइन, पंधरा-पंचवीस वॉटचा छोटा पंप, आणि तो बाथरूममधल्या बटणावर, लाइन ४० अंशाला आली की आपोआप बंद. परत येणारी लाइन सोलरच्या थंड इनलेटला जोडताना वरच्या थंड पाण्याच्या टाकीकडे गरम पाणी उलटं जाऊ नये म्हणून तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. तुमच्या घरात सव्वाचार लिटरवर आल्यावर मला रिटर्नची गरज दिसत नाही. स्वयंपाकघराला तर सोलरची लाइन नेऊच नका. भांडी घासताना नळ दहा वेळा उघडतो-मिटतो, प्रत्येक वेळी पाइप भरून गरम पाणी वाया जातं. तिथे सिंकजवळ तीन लिटरचा गीझर बसवा. तीन किलोवॉटमध्ये २५ अंश वाढवून मिनिटाला पावणेदोन लिटरच मिळतं, पण भांड्यांना तेवढी धार पुरते.

पावसाळ्याची सोय सोलरच्या टाकीतल्या हीटरवर ठेवू नका. जुलैत एकाच्या अंघोळीसाठी दोनशे लिटर तापवत बसाल. ३५ अंश वाढवायला आठ युनिटं आणि दोन किलोवॉटच्या हीटरला चार तास. त्याऐवजी प्रत्येक बाथरूममध्ये पंधरा लिटरचा गीझर, आणि त्याच्या इनलेटला थंड लाइन न देता सोलरची लाइन द्या. ढगाळ दिवशी सोलरचं पाणी ३५ अंशाला आलं तरी गीझरला उरलेलंच काम करायचं असतं. पण इथे एक व्हॉल्व्ह विसरला जातो. एप्रिल-मे महिन्यात सोलरचं पाणी सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत जातं. ते गीझरमधून गेलं की त्याचा थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पडतो आणि माणूस समजतो गीझर बिघडला. म्हणून तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास ठेवा, एक गीझरच्या आत जाताना, एक बाहेर येताना आणि एक थेट. उन्हाळ्यात थेट, पावसाळ्यात गीझरमधून. हे व्हॉल्व्ह फॉल्स सीलिंगच्या वर लपवू नका, आईंचा हात पोचेल अशा जागी ठेवा आणि त्यावर चिठ्ठी लावा. आणि नळ उघडताना आधी थंड, मग गरम, ही सवय वयस्कर माणसांना आणि मुलांना मुद्दाम लावा.

बोअरचं पाणी सोलरला जोडलेलं असेल तर ते तोडा. क्षार ६० अंशांवर झपाट्याने बसतात. ट्यूबच्या तळाशी पांढरा गाळ साचतो, गीझरच्या एलिमेंटवर कवच चढतं. सोलरला फक्त कॉर्पोरेशनचं पाणी. आणि सोलर काढून टाकायचा विचार मनात असेल तर हेही लक्षात घ्या की चालू असलेल्या सोलरवर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते. पर्जन्यजल किंवा गांडूळखताचा प्रकल्पही असेल तर १० टक्के.

गॅस गीझरबद्दल मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. पाइप गॅस आला म्हणून तो बाथरूमच्या आत बसवू नका. सहा लिटरचा गीझर दहा किलोवॉटच्या आसपास जाळतो, म्हणजे शेगडीचे तीन-चार मोठे बर्नर एकदम, आणि तेही दार-खिडकी बंद असलेल्या छोट्या खोलीत. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो. बसवायचाच तर बाहेर, उघड्या डक्टमध्ये. शिवाय तो पेटायला ठरावीक दाब लागतो, तुमच्या वरच्या मजल्यावर तो मिळणारच नाही.

मुलाकडच्या बॉयलरबद्दल. तिथे खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधून फिरणारं पाणी आणि नळाचं पाणी कधीच एक नसतं. रेडिएटरचं पाणी बंद वर्तुळात, साधारण एक ते दीड बार दाबाखाली, गंज रोखणारं औषध घालून वर्षानुवर्षं तेच फिरतं. नळाचं पाणी त्याच्या शेजारून, मध्ये धातूचा पत्रा ठेवून तापवलं जातं. कॉम्बी बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा, असेल तर नळ उघडल्यावर आतला व्हॉल्व्ह सगळी उष्णता नळाकडे वळवतो आणि घर तापवणं तेवढा वेळ थांबतं. मिनिटाला बारा लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे २९ किलोवॉट लागतात. त्यांच्याकडे तेवढा गॅस बॉयलर असतो, म्हणून टाकी लागत नाही. आपला गीझर दोन-तीन किलोवॉटचा, म्हणून आपल्याला पाणी साठवावं लागतं. घर तापवायचं म्हणाल, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे पुण्यात पारा दहाच्या आसपास येतो आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीसच्या पुढे जातो. एवढ्या काही आठवड्यांसाठी फरशीखाली पाइप गाडू नका. आई-वडिलांच्या खोलीत एक ऑइलचा हीटर ठेवा.

हीट पंप मात्र वाईट नाही. पुण्याची हवा त्याला मानवते, एका युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास उष्णता मिळते, आणि पावसाळ्यात सोलर झोपतो तेव्हा तो चालतो. पण तो पुढच्या वर्षी ठरवा. नव्या लाइनीवर एक पावसाळा आणि एक हिवाळा काढा, मग खरंच किती कमी पडतंय ते दिसेल. गच्चीवर त्याच्यासाठी दोन टी बूच मारून आणि विजेचा एक पॉइंट आत्ताच काढून ठेवा.

फरशी लावायच्या आधी सोलर आणि गीझर लाइनीपासून सोडवा, तोंडं बंद करा, सॉल्व्हंट चोवीस तास वाळू द्या. हातपंपाने सहा-सात किलोचा (साधारण तेवढ्याच बारचा) दाब देऊन दोन तास ठेवा. काटा हलला तर गळती शोधल्याशिवाय गिलावा नाही. सोलर जोडलेला ठेवून ही टेस्ट केली तर टाकी जाईल. मग सोलर जोडून एकदा खरं गरम पाणी सगळ्या नळांतून सोडा, कारण काही सांधे गार असताना टिकतात आणि तापल्यावर सुटतात. शेवटी प्रत्येक भिंतीला टेप लावून, जमिनीपासूनचं माप दिसेल असे फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पुढे टॉवेलचा रॉड लावणारा भोक पाडायला येईल तेव्हा ते आधी त्याला दाखवा.